गच्चीवरची माती : जमा आणि खर्च
(रौप्यमहोत्सवी सभेतील भाषण)



हिरव्या गच्चीचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात. जन्मभर बँकेत कर्जाचे अर्ज तपासले, त्यामुळे ‘नाही’ म्हणायचं काम माझ्याकडेच येतं. त्यातून मी राहतो तळमजल्यावर. वैशाखात वरच्या मजल्यावरच्या वहिनी दुपारी उशी घेऊन जिन्यात येऊन बसतात. त्यांच्या डोक्यावरच्या स्लॅबची धग मला लागत नाही.

जमेची बाजू खोटी नाही. माती ऊन अडवते, पानांतून उडणारं पाणी गारवा देतं. माझ्या आजोळचं माळवदाचं घर मातीच्या थरामुळेच थंड असायचं. मात्र माळवदावर गवत उगवलं की आजी ते उपटून टाकायची. मुळाच्या वाटेनं पाणी आत येतं, हे तिला ठाऊक होतं. आपण तर ते मुद्दाम लावणार!

आता वजन. १५ सेंटिमीटर भिजलेली माती म्हणजे चौरस मीटरला २५० किलोंच्या आसपास. वावरायच्या गच्चीवर माणसा-सामानाचा भार साधारण १५० किलो धरतात. आपली गच्ची २८० चौरस मीटर. पूर्ण भरली तर श्रावणात, कपर्दिकेश्वराच्या यात्रेच्या पावसात, डोक्यावर ७० टन! शिवाय वॉटरप्रूफिंग, मुळं रोखणारा थर, निचऱ्याचा थर, हे सगळं मातीच्या आधी. उपविधींप्रमाणे गच्चीची गळती सोसायटीच्या खर्चानं काढायची असते, आणि मातीखालची गळती शोधायची तर आधी माती उपसा. सिंकिंग फंड त्यासाठी जमवलेला नाही.

मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास बाग सुरू केली, ती ओला कचरा आणि पालापाचोळा कुजवून. ते मातीपेक्षा हलकं पडतं. भाजीसाठी म्हणाल, तर ओतूरला मेथी गच्चीवर पिकवावी लागत नाही. आपल्याला हवी आहे सावली.

म्हणून माझं म्हणणं असं : आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून स्लॅब तपासून घ्या. तो हो म्हणाला, तर वहिनींच्या खोलीवरचा चौथा हिस्सा हलक्या वाफ्यांनी करून बघू, दोन पावसाळे. खर्च सगळ्यांत सारखा, तळमजला धरून. तोवर गच्चीला पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्या. या उन्हाळ्याच्या चुन्याचे पैसे मी देतो. सचिवांनी तेवढं इतिवृत्तात लिहून घ्यावं.