ट्रॅक्टरच्या बॅटरीची निगा



पाऊस उघडला, वाफसा आला, पेरणीयंत्र जोडून तयार आहे. किल्ली फिरवली, तर सेल्फ नुसता 'टक्' करून गप्प! चार माणसे लावून ट्रॅक्टर ढकलावा लागतो, नाहीतर मेकॅनिकची वाट पाहावी लागते. वाफसा मात्र आपली वाट पाहत नाही. ही वेळ का येते? बॅटरी कामाने जेवढी खराब होत नाही, तेवढी ती उतरलेल्या अवस्थेत पडून राहिल्याने खराब होते. आजच्या बोलण्यातले एवढे एक वाक्य लक्षात ठेवा.

बॅटरीत शिशाच्या प्लेटा आणि पातळ केलेले गंधकाचे तेजाब असते. बॅटरी उतरली की प्लेटांवर शिशाचे सल्फेट धरते. लगेच चार्ज केली तर ते निघून जाते. तशीच महिना-दोन महिने ठेवली, तर ते घट्ट होते आणि मग कितीही चार्ज केले तरी उपयोग होत नाही. म्हणून हंगाम संपला, की बॅटरी पूर्ण चार्ज करून अर्थची तार सोडून ठेवावी. दर महिन्याला तपासून, गरज असल्यास पुन्हा चार्ज करावी. चार्जिंग सावकाश करावे. ७५ अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर साधारण साडेसात अँपिअरवर.

आता पाणी. बुचांची बॅटरी असेल तर दर पंधरा दिवसांनी, उन्हाळ्यात दर आठवड्याला बुचे उघडून पाहावे. प्लेटांवर १० ते १५ मिलिमीटर पाणी हवे. कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घालावे. विहिरीचे किंवा नळाचे पाणी नको, त्यातले क्षार प्लेटांना मारक असतात. तेजाबही घालू नये, कारण उडून जाते ते पाणी, तेजाब नव्हे. सहाही घरांतले पाणी भराभर आटत असेल, तर चार्जिंग जास्त होते आहे असे समजून रेग्युलेटर तपासून घ्यावा.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली, तर तारा सोडून, बुचे घट्ट लावून, खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवावी. कोरडे करून तारा घट्ट बसवाव्यात आणि वरून व्हॅसलीन लावावे. बुचांची बारीक छिद्रे मोकळी ठेवावीत. चार्जिंगच्या वेळी त्यांतून पेट घेणारा वायू निघतो, तेव्हा जवळ विडी-काडी मुळीच नको. तेजाब डोळ्यांत उडाले, तर पंधरा मिनिटे तरी स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत आणि लगेच डॉक्टर गाठावा.

सेल्फ चालला नाही म्हणजे बॅटरी गेलीच, असे नव्हे! आधी तारा घट्ट आहेत का पाहा, डायनमोचा पट्टा सैल नाही ना ते पाहा. मग बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि काही तास तशीच ठेवून व्होल्ट मोजा. चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. हायड्रोमीटरने सहाही घरे तपासा. एखाद्या घराचा आकडा इतरांपेक्षा ०.०५० ने किंवा अधिक कमी आला, तर ते घर गेले. मग मात्र बॅटरी बदलावी.

नवी बॅटरी तेवढ्याच व्होल्टची आणि ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेल्या अँपिअर-अवरची घ्यावी. तयार झाल्याची तारीख पाहावी, वॉरंटी कार्डावर दुकानदाराचा शिक्का घ्यावा. बदलताना इंजिन बंद ठेवून अर्थची तार आधी काढावी आणि बसवताना ती शेवटी लावावी. म्हणजे पाना ट्रॅक्टरच्या अंगाला लागला तरी ठिणगी पडत नाही. धन-ऋण उलटे लावू नका, अल्टरनेटर जळतो. बॅटरी पट्टीने घट्ट आवळा, कारण हादऱ्यांनी प्लेटा मोडतात.

जुनी बॅटरी घरी फोडू नये, तेजाब बांधावर ओतू नये. शिसे विषारी आहे आणि लहान मुलांना त्याचा फार अपाय होतो. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हा ती दुकानदाराकडे द्यावी आणि तिची किंमत नव्या बॅटरीच्या बिलातून वजा करून मागावी.

तर मंडळी, मृगाची वाट पाहू नका. या आठवड्यातच बुचे उघडून पाणी बघा.