शार्कचा दात आणि पायातली गारगोटी

(कोजागरीच्या कार्यक्रमात गच्चीवर केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला ठेवी आणि व्याजावर बोला म्हटलं होतं. ते तुम्ही माझ्याकडून पंचवीस वर्षं ऐकताय. आज हा दात बघा. हातोहात फिरवा, पण पाडू नका, नातवाचा आहे.

हा शार्कचा दात. मोरोक्कोत खुरिबग्याला फॉस्फेटच्या खाणी आहेत, तिथला म्हणून मुलाने परदेशात विकत घेतला. वय पाच-सहा कोटी वर्षं. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, तो सहसा टिकत नाही. दात मात्र टिकतात. शिवाय जन्मभर पडतात आणि नवे येतात, एकेकीचे हजारो. म्हणून ते संग्राहकांना मिळतात. युरोपात पूर्वी लोक यांना दगड झालेल्या जिभा समजत. 1667 मध्ये स्टेनोने शार्कचं डोकं तपासून हे दातच आहेत असं मांडलं.

सांगलीच्या शाखेत मी कॅशला होतो, नोटा पारखण्यात उमर गेली. सवयीने भिंग लावलं. टोक अस्सल, पण मुळाशी वाळू आणि डिंक! तुटक्या दाताला असं मूळ चिकटवणं त्या बाजारात नेहमीचंच. पोराला सांगावं की नाही, दोन रात्री झोप नाही. शेवटी सांगितलं. तो म्हणाला, "आजोबा, मग आपण खरा शोधू. अजिंक्यताऱ्यावर."

आता आली पंचाईत! कच्छमध्ये, ओडिशात बारीपद्याजवळ असे दात सापडतात, कारण तिथे जुन्या समुद्राचा गाळ आहे. आपला सातारा-सांगलीचा कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्यात शार्क कुठली? पण त्या लाव्ह्यात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, पाणी झिरपून त्यांत स्फटिक धरले. स्टिल्बाइट, अपोफिलाइट. जगभरचे संग्राहक ते महाराष्ट्रातून नेतात. सिन्नरला तर 'गारगोटी' नावाचं संग्रहालयच आहे.

हे त्याला सांगता सांगता मी गप्प झालो. जुन्या सभासदांना आठवेल, आपला पाया खणताना घागरीएवढी पोकळी निघाली होती, आतून सगळी पांढऱ्या-गुलाबी गारांनी भरलेली. मुकादम म्हणाला, "साहेब, चांगली दिसतीय, बाजूला काढू का?" मी म्हणालो, "पावसाळा तोंडावर आलाय, टाक भरावात."

बी विंगच्या पार्किंगखाली आहे ती. तेव्हा कोणी एखादा तुकडा उचलून तुळशीपाशी ठेवला असेल, तर माझ्या नातवाला एकदा दाखवा. मागणार नाही तो.