वजन उतरवावे, पण बेताने
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. सातवीपर्यंत शाळा झाली, पुढची विद्या स्वयंपाकघरात मिळाली. तरी चिटणीसबाईंचा आग्रह पडला, म्हणून चार शब्द बोलते.

आपल्याला वजनाची आठवण होते ती बहुधा घरात लग्नकार्य निघाले म्हणजे. मग महिन्यात दहा किलो उतरवायचे असा पण! कोणी लिंबूपाण्यावर राहते, कोणी भात-पोळी दोन्ही सोडते. आठवड्यात काटा दोन किलो खाली येतो खरा, परंतु त्यात पुष्कळसे पाणीच असते. चक्कर येते, चिडचिड होते आणि कार्य उरकले की गेलेले वजन व्याजासकट परत येते.

हा पण पुरा का होत नाही, ते हिशेबाने पाहू. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. दहा किलोंच्या झाल्या ७७,०००, म्हणजे दिवसाला अडीच हजारांवर. आणि आपल्यासारख्या घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाचे सगळे खाणे साधारण १,७०० ते १,९०० कॅलरींचे! जेवढे पानात पडतच नाही, तेवढे पानातून कमी कसे करणार?

आता माझे सांगते. माझी आई मधुमेहाने गेली. शेवटी तिला दिसतही नव्हते. गेल्या वर्षी माझ्या रक्तातली तीन महिन्यांच्या सरासरीची साखर ६.१ निघाली, म्हणजे मीही मधुमेहाच्या उंबरठ्यावर. उंची पाच फूट, वजन ६८ किलो. कोष्टकाप्रमाणे ते ५३ च्या आत हवे. पंधरा किलो ऐकूनच माझे हातपाय गळाले. परंतु डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पंधरा विसरा, आधी साडेतीन उतरवा."

त्यांनी मला एका अमेरिकन पाहणीची माहिती दिली. ती २००२ साली प्रसिद्ध झाली. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून अधिक माणसांची ती पाहणी. त्यांतील एका गटाला वजनाचा फक्त ७ टक्के भाग उतरवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करण्याचे ध्येय दिले होते. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. आपल्याकडे चेन्नईच्या डॉक्टरांनीही अशी पाहणी केली. २००६ साली ती प्रसिद्ध झाली. त्यात आहार-व्यायाम सांभाळणाऱ्यांचे वजन फारसे उतरले नव्हते, तरी मधुमेहाचे प्रमाण चौथ्या हिश्शाहून अधिक कमी झाले. तेव्हा काटा हलला नाही म्हणून कष्ट वाया गेले असे मुळीच समजू नये.

मग मी काय केले? फोडणीचे तेल अंदाजाने ओतण्याऐवजी चमच्याने मोजू लागले. माझ्या वाट्याचे दोन चहाचे चमचे तेल कमी झाले, त्या ९० कॅलरी. चार कप चहात दोन-दोन चमचे साखर घेत असे, ती निम्मी केली, त्या ८०. आणि सर्वांची जेवणे झाल्यावर "टाकवत नाही" म्हणून खाल्ली जाणारी उरलेली पोळी सोडली, त्या शंभरेक. ती आता सकाळी फोडणीची होते आणि सर्वांत वाटली जाते. अन्न वाया जाऊ नये हे खरे, पण आपले पोट म्हणजे काही खरकट्याचे भांडे नव्हे. असे दिवसाचे झाले पावणेतीनशे, म्हणजे महिन्याला जवळजवळ एक किलो. पुढे पुढे ही गती मंदावते, त्याने खचू नये.

पोटभर मात्र जेवावे. उसळ, वरण, ताक, खात असाल तर अंडे, हे कमी करू नये; नाहीतर चरबीऐवजी अंगातली शक्तीच जाते. उपवासाच्या नावाखाली साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस खाल्ला तर एकादशी अन् दुप्पट खाशी! ज्या भगिनी मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नये. साखर एकदम उतरून जिवावर बेतते.

चालण्याची अडचण पायांची नसते, वेळेची असते. "दिवसभर घरात राबतो, वेगळा व्यायाम कशाला?" असे पुष्कळजणी म्हणतात. परंतु घरातले काम तुकड्यातुकड्यांचे. त्यात दम सहसा लागत नाही. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने चालावे. मी घरात सांगून टाकले, की साडेसहा ते सात चहा ज्याचा त्याने करून घ्यावा. पहिला आठवडा कुरकुर झाली. आता यजमान स्वतःच आधण ठेवतात.

आठ महिन्यांनी माझे वजन ६४ किलो आहे. साखर ५.६ वर आली, आणि तीन जिने चढताना मध्ये थांबावे लागत नाही. त्रेपन्न किलो कधी होतील की नाही, याची मी आता काळजी करीत नाही.

शेवटी एक सूचना करते. आठवड्यातून पाच दिवस, संध्याकाळी अर्धा तास, मंडळाच्या भगिनींनी मिळून चालावे. १५० मिनिटे आपोआप भरतील. वजन पंधरवड्यातून एकदाच, त्याच काट्यावर, सकाळी उठल्यावर पाहावे. आणि कोणीही कोणाला जाडीवरून बोलू नये. सोमवारी साडेसहाला मी मंडळाच्या दाराशी उभी असेन. ज्यांना जमेल त्यांनी यावे.