ओठ आणि शब्द यांची फारकत



घरोघरच्या कपाटांत लग्नमुंजींच्या जुन्या कॅसेटी अजून पडून आहेत. त्या चालविणारीं यंत्रें आतां दुर्मिळ झालीं. अशा यंत्रांच्या शेवटच्या ज्ञात जपानी उत्पादकानें २०१६ सालीं तें काम थांबविलें. म्हणून दूरदृष्टीचीं माणसें कॅसेटीवरील चित्र संगणकाच्या फाईलींत उतरवून घेतात, आणि पुढें ती फाईल दूरचित्रवाणीवर किंवा मोबाईलवर चालावी म्हणून तिचें दुसऱ्या प्रकारांत रूपांतर करितात. येथवर सर्व ठीक असतें. पण समजा, तीन तासांच्या अशा फितींत आरंभींचें गणपतिपूजन यथास्थित दिसलें, आणि मंगलाष्टकें येईपर्यंत ओठ एकीकडे व शब्द दुसरीकडे जाऊं लागले. अंतरपाट दूर झाला, माळा घातल्या गेल्या, तरी भटजींचें ‘शुभमंगल सावधान’ अद्यापि यावयाचेंच आहे! हें पाहून पाहुणे हंसतील. परंतु त्याच फितीच्या अखेरीस जी आजी नव्या सुनेला आशीर्वाद देते, ती आज हयात नसेल, तर तिचे शब्द तिच्या ओठांवरून निसटलेले पाहून घरच्यांना हंसूं येणार नाहीं. सुदैवानें हा दोष हिशेबाचा आहे, आणि हिशेबानेंच तो बहुधा सुधारतां येतो.

ध्वनि हवेंतून सेकंदाला सुमारें ३४० मीटर जातो. प्रकाशाच्या मानानें ही गोगलगाईची चाल होय. नदीच्या पैलतीरावर धोबी कपडा आपटतांना आधीं दिसतो, आवाज मागाहून येतो. या संवयीमुळें मागें रेंगाळणारा आवाज मन कांहीं अंशीं चालवून घेतें. पुढें धांवणारा मात्र त्याला तत्काळ खटकतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशींत हीच गोष्ट आंकड्यांनीं मांडली आहे. आवाज चित्राच्या सुमारें ४५ मिलिसेकंद पुढें गेला, किंवा सुमारें १२५ मिलिसेकंद मागें पडला, म्हणजे तें पाहणाऱ्याच्या लक्षांत येऊं लागतें.

ही फारकत होते तरी कशी? जुन्या बोलपटाच्या फिल्मवर ध्वनीची रेघ चित्रांच्या कडेलाच छापलेली असे. फीत एक, म्हणून दोघांची चालही एक. संगणकाच्या फाईलींत मात्र चित्र आणि ध्वनि हे दोन वेगळे प्रवाह असतात. आपल्याकडील कॅसेटींचें चित्र सेकंदाला २५ चौकटींनीं मोजलें जातें. ध्वनि सेकंदाला बहुधा ४८,००० नमुन्यांनीं. त्यांच्या तुकड्यांवर ‘मला अमुक क्षणीं सादर करा’ अशी वेळेची जणूं चिठ्ठी लावलेली असते. रूपांतर करणारा प्रोग्राम हे दोन्ही प्रवाह सोडवितो, नव्यानें घडवितो आणि पुन्हा एकत्र बांधतो. या उलथापालथींत चिठ्ठ्या गहाळ झाल्या किंवा चुकीच्या लागल्या, कीं जोडी विस्कटते.

उपचारापूर्वीं निदान हवें. प्रथम फाईलच दोषी आहे काय, हें पाहावें. बिनतारी कर्णयंत्रांत आवाज उशिरा पोंचतो, तर कांहीं दूरचित्रवाणी संच चित्र सजवितांना तेंच रेंगाळवितात. तेव्हां तीच फाईल दुसऱ्या साधनावर, तारेच्या कर्णयंत्रानें तपासावी. मग खूण शोधावी. टाळी किंवा तबल्याची थाप ही उत्तम खूण. नुसतें बोलणें असेल, तर व्याकरणांतील ओष्ठ्य वर्ण आठवावे: प, फ, ब, भ, म. ‘बाबा’ किंवा ‘मामा’ म्हणतांना ओठ मिटल्यावांचून गत्यंतर नाहीं. ही परीक्षा आरंभीं, मध्यें आणि शेवटीं अशा तीन ठिकाणीं करावी, व प्रत्येक ठिकाणचें अंतर कागदावर टिपून ठेवावें. व्हीएलसी या मोफत प्रोग्रामांत ‘जे’ आणि ‘के’ या कळींनीं आवाज पन्नास-पन्नास मिलिसेकंदांनीं मागेंपुढें सरकतो. त्यानें अंतर मोजतां येतें. मात्र ही सोय पाहण्यापुरतीच. मूळ फाईल तशीच राहते.

तिन्ही ठिकाणीं अंतर सारखेंच निघालें, तर रोग सौम्य आहे. दोन प्रवाहांचा आरंभ एका क्षणीं झाला नाहीं, एवढेंच. येथें सगळा आवाज तितकाच सरकविला कीं काम झालें. एमकेव्हीटूलनिक्स या प्रोग्रामांत तो आंकडा अधिक किंवा उणें असा भरावा. चित्र वा ध्वनि नव्यानें न घडवितां केवळ चिठ्ठ्या बदलल्या जातात, म्हणून दर्जा तसूभरही उतरत नाहीं.

अंतर वाढत जात असेल, तर मात्र सरकविण्यानें भागत नाहीं. आंखूड पांघरुणाप्रमाणें डोकें झांकावें तों पाय उघडे! येथें मापांतच चूक असते. अमेरिकेंत १९५३ सालीं रंगीत दूरचित्रवाणीसाठीं सेकंदाच्या ३० चौकटी हजारांत एक भाग घटवून सुमारें २९.९७ करण्यांत आल्या. हा दर कोणी सरळ ३० धरला, तर एका तासांत ३.६ सेकंदांची तफावत पडते. मोबाईलची गोष्ट आणखी निराळी. अंधुक प्रकाशांत पुष्कळ मोबाईल सेकंदाच्या चौकटी आपण होऊन कमी करितात. दर स्थिर नसतो. तो स्थिर आहे असें मानणाऱ्या प्रोग्रामाच्या हातीं ही फाईल गेली, कीं ओठ आणि शब्द हळूहळू दुरावतात. उपाय हा, कीं मूळ फाईलीकडे परत जावें आणि योग्य दर निवडून रूपांतर पुन्हा करावें. हँडब्रेक या प्रोग्रामांत ‘स्थिर दर’ असा पर्याय आहे. मूळ फाईल उरलीच नसेल व तफावत समप्रमाणांत वाढत असेल, तर ऑडॅसिटीसारख्या प्रोग्रामांत आवाजाची पट्टी न बदलतां त्याची चाल बदलावी. तासाला ३.६ सेकंद मागें पडणारा आवाज एकदशांश टक्क्यानें जलद करावा लागतो.

कॅसेटींचा तिसरा एक प्रकार आहे. फीत एखाद्या जागीं खराब असली, तर उतरवितांना तेथील कांहीं चौकटी गळतात. तोंवर सर्व सुरळीत, आणि तेथून पुढें अंतर एकदम पडून तितकेंच राहतें. अशा वेळीं त्या जागीं आवाज कापून पुढचा भागच तेवढा सरकवावा.

सर्वांत मोठी चूक या तिन्हींहून वेगळी आहे, आणि तिला उपाय नाहीं. नवी फाईल पहिलीं पांच मिनिटें नीट चालली, म्हणून कित्येक जण मूळ फाईल पुसून टाकितात व कॅसेट रद्दींत देतात. वाढत जाणारा दोष पहिल्या पांच मिनिटांत क्वचितच नजरेस येतो. तो शेवटीं दिसतो, आणि तोंवर परतीची वाट बुजलेली असते. म्हणून शेवटचें दृश्य पाहिल्याविना मूळ प्रत सोडूं नये. पाहिल्यावरही ती एखाद्या निराळ्या डिस्कवर जपावी, हेंच उत्तम. लग्नांतलें ‘सावधान’ वधूवरांसाठीं असतें. त्या लग्नाची फीत जतन करणाऱ्यानेंही तें ऐकावें. मग आजीचा आशीर्वाद आजीच्याच ओठांतून, नेमक्या त्या क्षणीं, नातवंडांच्या कानीं पडेल.