मोघा आणि सातबारा

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)



पेरणीपासून सुरुवात करतो. ट्रॅक्टर येण्याआधी मराठवाड्यात, माणदेशात तिफणीनं पेरणी व्हायची. चाड्यावर बहुधा कर्त्या माणसाची मूठ. त्यातून ज्वारी-बाजरी पडायची. तिफणीमागे दोरीनं बांधलेली पोकळ बांबूची नळी असायची. तिला मोघा म्हणत. तो धरून बाई चालायची आणि ओटीतली तूर, मटकी, हुलगा, अंबाडी त्यातून सोडायची. किती ओळींनंतर काय सोडायचं, हे तिला कुणी सांगत नसे; कारण वर्षभराचं कोरड्यास तिलाच शिजवायचं होतं. बियाणंही तिनंच राखेत घोळून गाडग्यात ठेवलेलं.

मग सोयाबीन आलं, ट्रॅक्टरची पेरणी आली. त्या यंत्राला मोघा नाही. आपण म्हणालो, बाईचे कष्ट वाचले. पण खुरपणी तिच्याकडेच राहिली, काढणीही राहिली. गेला तो तिचा निर्णय. डाळ दुकानातून येऊ लागली, आणि दुकानाचे पैसे कुणाच्या खिशात असतात, हे तुम्हाला ठाऊक आहे.

महाराष्ट्रातली सुमारे चार पंचमांश शेती पावसावर आहे. तिथं बाई किती राबते, हे आपण कौतुकानं सांगतो. तिच्या शब्दावाचून काय अडतं, हे विचारत नाही. आज मला बोलायचं आहे ते एवढ्याच प्रश्नावर.

शेळीचं बघा. धाराशिवकडची उस्मानाबादी शेळी पुष्कळदा जुळी करडं देते, बोरी-बाभळीच्या पाल्यावर निभावते. म्हणून दुष्काळात बैल विकला जातो, शेळी दारात राहते. कोणती गाभण आहे, कोणती पान्हा चोरते, हे बाईलाच माहीत. पण आठवडी बाजारात दावं व्यापाऱ्याच्या हाती देताना ती तिथं नसते. सगळीच घरं सारखी नाहीत. पोराची फी भरायची आली की ‘तुझा बोकड देऊ का?’ असं विचारणारीही आहेत. त्या ‘तुझा’ला फार किंमत आहे.

१९९३च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद) भागात उभ्या राहिलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या कामात बायकांनी घरात एक साधी मागणी केली: अर्धा-एक एकर रान आमच्या मर्जीनं पेरू द्या. त्यात त्यांनी डाळी, धान्य, भाजीपाला घेतला, शेणखत घातलं. या कामाला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मला त्यात मोघाच दिसतो. तेव्हा तो चार ओळींपुरता होता, आता एकराचा झाला.

पण घरच्यांच्या मर्जीनं मिळालेला एकर त्यांच्या मर्जीनं जाऊही शकतो. पीककर्ज असो की नुकसानभरपाई, कचेरीत आधी सातबारा मागतात. २०१५-१६च्या कृषी गणनेत देशातल्या शंभर वहितीदारांत बायका जेमतेम १४ होत्या. हा प्रश्न नवा नाही. १९८६मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरलं. पुढे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली: नवऱ्यानं थोडी जमीन बायकोच्या नावे करावी. महाराष्ट्रानं १९९४मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा हक्क दिला, केंद्रानं २००५मध्ये. कायदा झाला, तरी लेक हक्कसोडपत्रावर सही करते. जमिनीपायी माहेरचं दार बंद होऊ नये, एवढीच तिची धडपड. तिला दोष देऊ नका. दार बंद करणारे हात कुणाचे, ते बघा.

आता मृग जवळ आला आहे. घरी गेल्यावर घरातल्या बाईला एकच विचारा: ‘यंदा काय पेरायचं?’ उत्तर लगेच येणार नाही. तुम्हाला विचारायची सवय नाही, तशी तिला सांगायचीही राहिलेली नाही. तेवढा वेळ गप्प बसा.