तीनशेला तीन कमी



दोनशे सत्त्याण्णवाचा वर्ग तोंडी सांगा. हे उदाहरण माझं नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त ते घातलंय. आणि घालताना त्यांनी ‘दोनशे सत्त्याण्णव’ असं म्हटलेलंच नाही. तीन उणे असलेल्या तीनशेंचा वर्ग सांग, असं म्हटलंय. प्रश्नाच्या शब्दांतच वाट आहे. संख्येत तीन मिळवा, तीन वजा करा: ३०० आणि २९४. त्यांचा गुणाकार ८८,२००. त्यात तिनाचा वर्ग नऊ मिळवा. ८८,२०९.

हे का जमतं? लांबीला २९७ आणि रुंदीलाही २९७ फरश्या बसवलेलं चौरस अंगण डोळ्यांसमोर आणा. उजवीकडच्या तीन उभ्या ओळी उचला आणि वरच्या बाजूला आडव्या लावा. अंगण २९४ रुंद आणि ३०० लांब झालं. पण रुंदी आता २९४च असल्यामुळे हलवलेल्या प्रत्येक ओळीतल्या तीन-तीन फरश्या हातात उरल्या. त्याच या नऊ.

वैदिक गणिताच्या वर्गात ३५चा वर्ग हमखास शिकवतात. तिनाला पुढच्या चाराने गुणा, बारा, शेजारी पंचवीस लिहा, १२२५. मुलं खुलतात, आणि खुलावीतच. पण ही तीच फरश्यांची उचलाउचल आहे. पाच ओळी हलवल्या, ३० बाय ४०चं अंगण झालं, पंचवीस उरल्या. हे एकदा दिसलं की ३४चा वर्गही त्याच वाटेने येतो: ३० गुणिले ३८, अधिक सोळा, ११५६. नुसती युक्ती पाठ केलेलं मूल मात्र पाचावर न संपणारी संख्या आली की अडतं. असं अडलेलं मूल मी वर्गात फार वेळा पाहिलंय, म्हणून इतक्या कळकळीने सांगतो आहे. त्याच वर्गात ‘निखिल’ नावाच्या सूत्राने ९७ गुणिले ९६ करतात तेही असंच उलगडतं. शहाण्णवाची शंभरपट ९६००. त्यातून तीन वेळा शहाण्णव काढायचे, म्हणजे तीनशेला बारा कमी. ९३१२.

आता ‘वैदिक’ या शब्दाविषयी स्पष्ट बोलतो. तो रूढ झाला पुरीच्या गोवर्धन मठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांच्या पुस्तकामुळे. स्वामीजी १९६० साली गेले, पुस्तक १९६५ साली निघालं. त्यात अथर्ववेदाच्या परिशिष्टातली म्हणून सोळा सूत्रं दिली आहेत. अथर्ववेदाच्या माहीत असलेल्या परिशिष्टांत ती सापडत नाहीत, हे संपादक वासुदेवशरण अग्रवाल यांनी पुस्तकातच मान्य केलंय. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले गणिती एस. जी. दाणी यांनीही यावर सविस्तर लिहिलं. स्वामीजींच्या आकड्यांवरच्या पकडीला मी मनापासून नमस्कार करतो. पण वेदांना हे उसनं श्रेय कशाला? यजुर्वेदात एकापासून परार्धापर्यंत दसपटीने चढत जाणारी संख्यांची नावं आहेत. ती थोडी का आहेत? आणि सगळंच वेदांच्या खात्यावर टाकलं की भास्कराचार्यांचं नाव पुसलं जातं, ते मला सोसत नाही. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तिथल्या १२०७ सालच्या शिलालेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे. पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावरच्या उत्पन्नाचा हिस्सा मठाला दिल्याचं त्यात कोरलंय. बाजाराच्या पैशावर गणित शिकवलं जात होतं, आपल्या खानदेशात!

भास्कराचार्यांचं गणित हे आपलं एक धन. दुसरं अगदी घरातलं, अपूर्णांकांचे पाढे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. नातवंडांना आता हा शब्द समजावून सांगावा लागतो. रुपयाचे सोळा आणे होते तोवर या पाढ्यांवाचून दुकानदाराचं पान हलत नसे. १ एप्रिल १९५७ला शंभर नव्या पैशांचा रुपया आला आणि पाढे मागे पडले. त्यांची घोकंपट्टी परत आणा, असं मी म्हणत नाही. पण पाऊण म्हणजे पाव उणा, हे कानाला तरी कळू द्या. चोवीसची पाऊणकी करताना चोवीसातून सहा काढले की अठरा हाती येतात.

आपल्या अंकनावांतही ही वजाबाकी बसलेली आहे: एकोणतीस, एकोणसाठ, एकोणनव्वद. ‘एकोणपन्नास’ म्हणताना ज्या मुलीला पन्नासातून एक गेलेला ऐकू येतो, तिला ४९ गुणिले १६ साठी कुठलंच सूत्र नको. सोळाची पन्नासपट आठशे, त्यातून सोळा गेले, ७८४.

‘लीलावती’तल्या त्याच उदाहरणात आणखी एक संख्या आहे: दहा हजारांवर पाच. तिचाही वर्ग विचारलाय. कागद नको, मोबाइल नको. पाच मिळवा, पाच वजा करा: १०,०१० आणि १०,०००. आता फक्त पाचाचा वर्ग राहिला.

पहिल्या रांगेतून उत्तर आलंच. दहा कोटी, एक लाख, पंचवीस.