छोट्या रेल्वेच्या खाडीतल्या होड्या

(मंडळाच्या उत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



रेल्वेतला डिप्लोमावाला इंजिनिअर बोलायला उभा राहिला की तो इंजिनांवरच बोलणार, असे आपल्याला वाटले असेल. मी आज होड्यांवर बोलणार आहे. काळजी नको, गाडी रुळावरच राहील.

घरात छोटे रूळ मांडून त्यावर गाड्या चालवण्याचा छंद जगभर आहे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ साली खुले झाले. ते आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. या छंदात १:८७ हे प्रमाण फार वापरले जाते. खऱ्या ८७ मिलिमीटरचा इथे एक मिलिमीटर. माझ्या फळीवर कोकण रेल्वेचा एक तुकडा आहे : खाडी, तिच्यावर पूल आणि काठाला होड्या. आता होन्नावरचा शरावतीवरचा पूल दोन किलोमीटरहून थोडा जास्त लांब आहे. तो प्रमाणात केला तर जवळजवळ २४ मीटर होईल. एवढी खोली म्हैसुरात कोण भाड्याने देणार? म्हणून पुलाचे गाळे कमी करावे लागतात. होडीत मात्र काटछाट करायचे कारण नाही. सहा मीटरची होडी सात सेंटिमीटरमध्ये पूर्ण उतरते.

सामान घरातलेच. लग्नपत्रिकेचा जाड कागद साधारण ०.३ मिलिमीटर असतो, म्हणजे प्रमाणात एक इंची फळी झाली. आइस्क्रीमची काडी त्या मानाने फार जाड. तिचे पठाण करावे, म्हणजे होडीच्या तळाचे मुख्य लाकूड. त्यावर पुठ्ठ्याचे वाक, म्हणजे बरगड्या, उभ्या कराव्यात आणि कागदाच्या पट्ट्या नाळेपासून वरामीपर्यंत एकेक करून चिकटवाव्यात. डोलकाठीसाठी म्हैसूरसारखे गाव नाही. उदबत्तीची काडी सव्वा मिलिमीटर जाड धरली तर ८७ पटीने ११ सेंटिमीटर होते. छोट्या होडीला ती शोभते. वल्ह्यासाठी तीच काडी तासून निम्मी करावी.

होडी तयार झाली, रंग दिला, की ती खेळण्यासारखी दिसते. आपल्या रेल्वे म्युझियममधली इंजिने रंगवून ठेवलेली आहेत आणि ती सुंदर दिसतात, पण रोज धावणारे इंजिन तसे दिसत नाही. ऊन, पाऊस आणि वापर यांच्या खुणा मॉडेलवर उमटवणे याला वेदरिंग म्हणतात. पुष्कळजण इथे काळा-तपकिरी रंग पातळ करून सगळीकडे फासतात. त्याने होडी मळते, जुनी होत नाही. डब्यात संडासाजवळचा पत्रा आधी गंजतो, ब्रेकची धूळ चाकांभोवती बसते, हे इथल्या सहकाऱ्यांना सांगायला नको. प्रत्येक डागाला कारण असते. होडीचेही तसेच आहे.

वल्हे ज्या खुंटीला बांधतात तिथला रंग घासून लाकूड उघडे पडते. नांगराचा दोर नाळेवर घासतो. आत, तळाशी पाणी साचते, तिथे लाकूड काळे पडते. वरच्या कडेचा रंग उन्हाने फिका होतो. त्यासाठी मूळ रंगात थोडा पांढरा मिसळावा. खाडीला भरती-ओहोटी असते, म्हणून पुलाच्या खांबांवर ओला काळपट-हिरवा पट्टा हवाच. पाणी दोन मीटर चढते-उतरते असे धरले तर तो पट्टा २३ मिलिमीटर रुंद येईल. ओहोटी दाखवायची असेल तर काठाची होडी चिखलात कलंडलेली हवी.

गंजाचे ओघळ फक्त लोखंडाखाली येतात. मालवणकडची जुनी रापणीची होडी काथ्याच्या दोरीने शिवलेली असे आणि तिला तोल सांभाळायला उलांडी असे. तिच्या शिवणीवर गंज दाखवला तर तिची शिवणच आपण पुसून टाकली. आपल्या कावेरीवरचे हरिगोलू घ्या. बांबूची टोपली, वर पूर्वी कातडे, आता प्लास्टिक आणि डांबर. तिथेही गंज नको आणि भरतीचा पट्टाही नको.

ऋतूही जुळायला हवा. भर पावसात समुद्रावर जाणाऱ्या होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात. नारळी पौर्णिमेला त्या नव्या रंगात पाण्यात उतरतात आणि साधारण तीन आठवड्यांत गणपती येतात. म्हणून फळीवर गणपती स्पेशल धावत असेल तर डोंगर हिरवेगार हवेत आणि होड्या जवळजवळ नव्या दिसायला हव्यात. सगळ्यात कमी वेदरिंग या दिवसांत!

हे सगळे मी इथे का सांगतो? बहुतेक ठिकाणी लाकडी होडीची जागा फायबरने घेतली आहे. फायबर हलके, टिकाऊ, कोळ्याच्या सोयीचे. त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण लाकडी होडीबरोबर पठाण, वाक, नाळ, वरामी, उलांडी हे शब्दही जातात. म्हैसुरात वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या कानावर ते पडणार कुठून? होडी हातात घेऊन मूल विचारते, "काका, याला काय म्हणतात?" तेव्हा तो शब्द एका घरात तरी पुढे जातो.

म्हणून एक विनंती. आपल्यापैकी ज्यांचे बालपण रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले, कारवारकडे गेले, त्यांनी घरातले जुने फोटो काढून पाहावेत. मागे एखादी होडी दिसली तर मला दाखवावी. माणसाच्या उंचीवरून होडीची मापे काढता येतात. आणि आजी-आजोबांनी त्या होडीच्या भागांना आपल्या गावात काय म्हणत ते सांगावे. गावागणिक शब्द बदलतो, तो मी तसाच लिहून घेईन. होडी करणे माझ्याकडे लागले. शब्द मात्र आपल्याकडेच आहेत.

गणपती बाप्पा मोरया!